ऑफिसचा कॉम्प्युटर : नवा घ्यायचा की आहे तोच चालवायचा? (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

ए-१०२ (सचिव): नमस्कार मंडळी. रविवारच्या मीटिंगमध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरचा विषय आहे. एम. जी. रोडवरून नव्या सेटचं कोटेशन आलंय, ४२,००० रुपये. आपलं मशीन चौथ्या जनरेशनचं आय-३, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी, विंडोज १०. चालू व्हायला सहा-सात मिनिटं घेतं. काम म्हणाल तर मेंटेनन्सची बिलं, टॅली आणि बँक. मतं कळवा.

सी-५०१: भंगारात द्या आता. विजेचंच किती वाचेल!

बी-३०४: काका, विजेचा हिशोब मांडून बघू. जुना टॉवर ६० वॅट धरा, नवा छोटा पीसी १५. फरक ४५ वॅटचा. रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९.३६ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याला ११२ रुपये. विजेवर ४२,००० वसूल व्हायला ३१ वर्षं लागतील. तोवर बिल्डिंगच रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल.

सी-५०१: बरं बाबा, वीज सोडा. पण स्लो आहे त्याचं काय?

बी-३०४: आधी कशामुळे स्लो आहे ते बघा. सकाळी चालू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०-१५ वर असेल, तर प्रोसेसर नुसता डिस्कची वाट बघत बसलाय. मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क) टाकली की मशीन एका मिनिटाच्या आत उभं राहतं. हिशोबाच्या कामाला आय-३ पुरून उरतो.

ए-६०२: त्यात भर घालते, कारण दुकानात गेलं की हमखास चुकीचा माल गळ्यात पडतो.

एसएसडी अडीच इंची साटाच (हार्ड डिस्कसारखी वायरने जोडायची) मागा. काडीसारखी पातळ एनव्हीएमई मिळते, तिच्यावरून असे जुने मदरबोर्ड सहसा चालू (बूट) होत नाहीत. ५०० जीबीची डिस्क प्रत्यक्षात ४६५ दाखवते आणि ४८० ची एसएसडी ४४७. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन (हुबेहूब कॉपी) करायला गेलात की जागा कमी पडते आणि काम अडतं. ५१२ ची घ्या, ती ४७६ दाखवते. आपला बोर्ड एच-८१ चिपसेटचा असेल तर त्याच्या चार साटा पोर्टपैकी दोनच सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे असतात, बाकीचे दोन ३ चे. जुन्या डिस्कची वायर उपटून तिथेच एसएसडी लावली तर अर्ध्या वेगावर चालेल आणि कुणाला कळणारही नाही. पोर्टशेजारी बोर्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च मारून बघा.

क्लोन करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग सेक्टरची (नीट वाचता न येणाऱ्या जागांची) ओळ बघा. तिथे शून्य नसेल तर डिस्क मरायला टेकलीय. मग क्लोन नको. आधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि विंडोज नव्याने टाका.

बी-३०४: आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कचा जो एएचसीआय मोड असतो, त्याला हात लावायचा नाही. क्लोन झाल्यावर तो बदलला की निळी स्क्रीन येते आणि दोष बिचाऱ्या एसएसडीवर जातो.

ई-१०४: कालपासून त्याच मशीनवर बँकेची साइट उघडत नाहीये. म्हणते सुरक्षित नाही. व्हायरस असेल का?

ए-६०२: काकू, खाली कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?

ई-१०४: १ जानेवारी २०१४!

ए-६०२: मग बोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख मागे गेली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीच्या काळातलं वाटतं, म्हणून अडवतो. मेन स्विच बंद करून सेल बदला, मग तारीख लावा.

डी-२०३: मंडळी, वेगाचं ठरलं, पण मुख्य मुद्दा राहिला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. आपला चौथ्यात अडकलाय. पळवाट काढून ११ टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून सोसायटीच्या खात्यातून पैसे जातात, त्यावर असली जुगाडं नकोत. घरच्या पीसीला जादा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. संस्थांची वेगळी, पहिल्या वर्षाला ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. ते पैसे भरण्यात अर्थ नाही.

सी-५०१: म्हणजे शेवटी नवाच ना? मी तेच म्हणत होतो!

डी-२०३: नवा नाही काका. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले छोटे डेस्कटॉप मिळतात, त्यातला आठव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडीसकट. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत बसायला हवा. घेताना तिथेच चालू करून बघा: बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, विंडोज अ‍ॅक्टिव्हेटेड दाखवतंय ना, टीपीएम २.० आहे ना (रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाइप करा). अडॅप्टर मूळ कंपनीचाच हवा. लोकल लावला की काही मॉडेल प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात आणि पुन्हा तेच रडगाणं, स्लो आहे म्हणून.

ए-१०२ (सचिव): आणि जुना?

बी-३०४: झाकण उघडून बोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) बघा. डोकी सपाट असतील तर खर्च करा, फुगलेली असतील तर एक रुपयाही घालू नका. ठीक असेल तर एसएसडी, सेकंडहँड डीडीआर-३ रॅमची ४ जीबीची आणखी एक कांडी, आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून वाचनालयात मुलांसाठी ठेवा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टॅली त्यावर थेट चालत नाही, पण मुलांना ती हवीय कुठे. प्रोसेसरवरचा कूलर काढून त्याखालची पेस्ट बदलणार असाल तर चारही पिना टक् आवाज येईपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली की कूलर तिरका बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो.

सी-५०१: काढलेली हार्ड डिस्क तरी भंगारात चालेल ना?

ए-६०२: अजिबात नाही. नुसत्या फॉरमॅटने डेटा जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत निघतो. त्यात सगळ्यांचे पॅन, भाडेकरार, मोबाइल नंबर आहेत. पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहून घ्या, ५०० जीबीला दोन-तीन तास लागतील. डिस्क चालतच नसेल तर ड्रिलने तबकड्यांना भोकं पाडा. मग ती घंटागाडीत न टाकता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या ई-कचरावाल्याला द्या.

डी-२०३: सचिवसाहेब, या सगळ्याच्या आधी एक. जुन्या मशीनवर टॅलीचं लायसन्स सरेंडर करा (म्हणजे त्या मशीनवरून मोकळं करा), मगच डिस्कला हात लावा. राहून गेलं तर नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करताना अडेल.

ए-१०२ (सचिव): त्याला आयडी-पासवर्ड लागेल ना?

डी-२०३: हो, टॅलीचा अ‍ॅडमिन ईमेल.

ए-१०२ (सचिव): तो आधीच्या कमिटीच्या खजिनदारांच्या नावावर आहे. ते आता पुण्याला असतात. नंबर आहे का कुणाकडे?