कातळ चढतो तो भास की भ्रम?

ठोसेघरच्या धबधब्याकडे मिनिटभर टक लावून पाहिलं आणि नजर बाजूच्या कातळावर नेली, तर कातळ हळूहळू वर सरकायला लागला. लेकीनं विचारलं, "बाबा, ह्याला काय म्हणतात?" 'दृष्टिभ्रम' म्हणालो खरा, पण शब्द पटला नाही. भ्रमात असलेला माणूस खोट्याला खरं मानतो. कातळ चढत नाही हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. 'गतिभास' चालेल का?

— क्रियापदं बघा, दादा. भास होतो, भ्रमात माणूस असतो. भ्रम फिटतो, भ्रमनिरास होतो, भ्रमाचा भोपळा फुटतो. 'भासनिरास' मात्र कुणी म्हणत नाही, कारण खरं कळलं म्हणून भास जात नाही. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ साली स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याजवळ हेच अनुभवून लिहून ठेवलं होतं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी एकसारखं तेच पाहून मंदावतात, वरची हालचाल टिपणाऱ्या ताज्याच असतात. मग स्थिर कातळ पाहतानाही पारडं वरच्या दिशेला झुकतं. त्या पेशी पूर्ववत होईपर्यंत कातळ चढत राहणार, तुम्हाला कितीही ठाऊक असो. गतिभासच म्हणा.

— भ्रमाला इतक्या सहज घराबाहेर काढू नका! संस्कृतात 'भ्रम्' म्हणजे मुळात फिरणं, भटकणं. भ्रमण त्यातलंच, आपले भोवरा, भोवळ हेही त्याच कुळातले. 'भास्' म्हणजे प्रकाशणं, दिसणं. त्यात हालचाल कुठे आहे? फिरण्याशी जन्माचं नातं 'भ्रम'चंच.

— कूळ मान्य. पण ताईंनी क्रियापदांचं म्हटल्यावर मला ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय आठवला. नावेत बसलेला माणूस 'थडियेचे रुख जातां देखे वेगें', आणि नीट पाहू लागला की 'रुख म्हणे अचळ'. थडी म्हणजे काठ, रुख म्हणजे झाड. (नावेचाच दृष्टान्त आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये तारे पश्चिमेकडे सरकताना का दिसतात हे सांगायला घेतला होता.) आधी 'देखे', मग 'म्हणे'! झाडं थांबलेली दिसली असं माउली म्हणत नाहीत, तो माणूस त्यांना अचळ म्हणतो. डोळ्यांचं काम एका क्रियापदाकडे, बुद्धीचं दुसरीकडे. मला हवा होता तो भेद ह्या दोन शब्दांत आहे.

तेव्हा 'देखे' तिथे भास आणि चुकीचं 'म्हणे' तिथे भ्रम, असं मी वापरणार. कातळाचा गतिभास. आणि स्टेशनात शेजारची गाडी सुटते, आपल्याला वाटतं आपलीच सुटली, घाईनं आपण खिडकीतून बाहेर हात हलवायला लागतो, तो मात्र भ्रम. फलाटावरचा खांब जागच्या जागी दिसला की फिटतो.