तिठ्यावर सिग्नल हवा: गोव्यातले तुमचे अनुभव सांगा

बार्देशातल्या आमच्या वाड्यावरून हायस्कूलकडे जाणारी वाट एका तिठ्यावर मोठ्या रस्त्याला मिळते. सकाळी शाळेची मुलं आणि सायकलवरून पाव विकणारा पोदेर दोघंही तिथं कडेला ताटकळत असतात. रेंट-अ-बाईकवरचे पाहुणे मोबाईलमध्ये रस्ता बघत वळतात, त्यांना ही मुलं दिसतच नाहीत. आम्ही सिग्नल मागायचं ठरवलंय. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या भागासाठी मागितला, त्यांनी सविस्तर लिहा: अर्ज कुणाकडे दिला, काय विचारलं, कुठे अडलं. मिळाला नसेल तरी लिहा, ते जास्त कामाचं आहे.

तिसवाडी, निवृत्त शिक्षक

ताई, अर्जाआधी रस्ता कुणाचा ते काढा. गावातून जातो म्हणून रस्ता पंचायतीचा होत नाही. आतल्या वाटा पंचायतीच्या किंवा पालिकेच्या, गावं जोडणारे रस्ते बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचे, महामार्ग असला तर प्रकरण आणखी वेगळं. आमचा अर्ज कितीतरी महिने एका टेबलावर पडून होता. विचारायला गेलं की साहेब साईटवर. शेवटी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारला: हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, आणि ते आलं.

मग विषय ग्रामसभेत नेला. ग्रामसभा रविवारी असते, त्यामुळे नोकरीवालेही आले. ठराव हात वर करून मंजूर झाला की लोक उठून जातात. तुम्ही उठू नका. सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात लिहून घ्या आणि सचिवांकडून सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. वाहतूक पोलीस असोत, बांधकाम खातं असो की जिल्हाधिकारी कार्यालय, पहिल्यांदा तीच मागतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याखाली वाहतुकीचे निर्बंध जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अधिसूचनेनं लागू होतात, हे पुष्कळ पंचांनाही ठाऊक नसतं.

फोंडा तालुका

सर म्हणतात ते खरं, पण ठरावाच्या जोडीला आकडे लागतात. सिग्नलची गरज इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, तिच्या निकषांवर तपासली जाते. मोठ्या रस्त्यावर तासाला वाहनं किती, आडव्या रस्त्यानं किती येतात, पायी ओलांडणारे किती, नोंदलेले अपघात किती. ‘फार गर्दी असते’ एवढ्यावर काही हलत नाही.

आमच्याकडे चवथीचा (गणेश चतुर्थीचा) मंडप घालणारी पोरंच या कामाला उभी राहिली. शाळेच्या वहीत रकाने आखले: दुचाकी, चारचाकी, बस, ट्रक, पायी. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक जण. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. कदंबची सरकारी बस थांब्यावर उभी राहिली की तिच्यामागून दुचाकी एकदम सुटतात, एकट्याला मोजणं अशक्य, म्हणून दुचाक्यांसाठी वेगळा मुलगा बसवला. पायी जाणाऱ्यांत गणवेशातली मुलं आणि म्हातारी माणसं वेगळी लिहिली.

ती वही पुढे ठेवल्यावर अभियंत्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि एकेक पान बघितलं. आमची मोजणी अधिकृत धरत नाहीत. पण त्यांची माणसं मोजायला कधी यावीत, हे आमच्या वहीवरून ठरलं. भर दुपारी आली असती तर रस्ता रिकामा दिसला असता. आज तिथं सिग्नल आहे.

डिचोली

अपघाताच्या रकान्याबद्दल थोडं. आमच्याकडे टक्कर झाली की जाग्यावर मिटवतात. हँडल वाकलं, पैसे दिले, दोघं आपापल्या वाटेला. माझ्या भाच्याचा पाय मोडला तेव्हाही घरच्यांनी तेच केलं. परिणाम असा की कागदावर आमच्या चौकात अपघातच नाहीत. कळकळीनं सांगतो, पोलिसांत नोंद करा. भांडण वाढवायचं नसेल तरी करा.

सासष्टी

आम्हाला सिग्नल मिळाला, पण आईला तो पुरत नाही. हिशेब करताना पायी माणसाचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे 12 मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. आई गुडघ्यांमुळे मध्यापर्यंत पोचते तोवर बाजूच्या मोटारसायकली गुरगुरायला लागतात. दिव्यांची वेळ बदलता येते, हे मला पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, स्टँडवर कळलं. वाहतूक पोलिसांना लेखी दिलं, जवळच्या दवाखान्याचा उल्लेख केला, आणि काही सेकंद वाढवून मिळाले. अर्जातच लिहा की इथं वृद्ध माणसं ओलांडतात. नंतर सांगण्यापेक्षा ते सोपं.

पेडणे

माझं मत जरा वेगळं आहे. डिसेंबर 2022 मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून आमच्या गावरस्त्यांवर अवेळीसुद्धा टॅक्सी धावतात. आम्हीही सिग्नलच मागितला होता. पाहणी झाली, आणि एवढ्या कमी वाहतुकीला सिग्नल निकषात बसत नाही असं सांगितलं. राग आला होता. पण रात्री सुनसान रस्त्यावर लाल दिव्याला कोण थांबणार, हा त्यांचा प्रश्न योग्य होता. त्याऐवजी झेब्रा पट्टे, रस्त्याचा दिवा आणि नियमाप्रमाणे गतिरोधक मिळाला: 3.7 मीटर रुंद, मध्ये 10 सेंटिमीटर उंच, वर पांढरे पट्टे. लोक स्वतःच सिमेंट ओतून उंचवटे करतात ते करू नका, रात्री दुचाकीवाले त्यावरच पडतात.

फोंडा तालुका

पेडणेकर, बसच्या रस्त्यावर, तेही चौरस्ता असेल तर, गतिरोधक पुरणार नाही. वेग कमी होतो, पण आधी कुणी जायचं ते ठरत नाही. तुमच्या गावाला तो योग्य असेल, इथं सिग्नलच हवा होता.

बार्देश

सगळ्यांचे मनापासून आभार. रस्ता कुणाचा, हा अर्ज उद्याच देते. आमच्या पालक-शिक्षक संघाचं पत्र जोडलं तर उपयोग होईल का?

सासष्टी

नक्की होईल. मुख्याध्यापकांच्या सहीनं घ्या आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा त्यात लिहून घ्या. मंजुरीला वेळ लागतो. तोपर्यंत त्या वेळांना तिठ्यावर वाहतूक पोलीस किंवा होमगार्ड द्यावा, अशी मागणी त्याच पत्रात करा. आम्हाला सिग्नलच्या कितीतरी आधी होमगार्ड मिळाला होता.