पंचेचाळिशीत पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि एम.ए.ला शिकवणाऱ्या प्रत्येकानं नोंदवावं असं माझं मत आहे

फोर्टची_वाचक

मुंबईत एम.ए.च्या वर्गांना इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा; देशपातळीवरची ती नेट) झाल्यानंतर संशोधन मागे पडलं होतं, आता पुन्हा हाती घेतलंय. स्टाफरूममध्ये सगळे एकच विचारतात : "आता कशाला? असिस्टंट प्रोफेसरला पीएच.डी. सक्तीची राहिली नाही ना?" खरं आहे. १ जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट एवढी किमान पात्रता पुरते. पण नोकरी मिळायला काय लागतं आणि शिकवायला काय लागतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय.

माझाच विषय घ्या. मुंबईतल्या प्लेगचं प्रकरण बहुतेक वर्गांत असंच शिकवलं जातं : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रोगी सापडले, १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. परीक्षेपुरतं हे भागतं. एका वर्षी वर्गातल्या मुलीनं विचारलं, शहर सोडून पळालेला गिरणीकामगार परत आला तो कोणत्या अटीवर? तिच्या घरातली माणसं रत्नागिरीकडून गिरणीत आलेली. माणसं मिळेनात तेव्हा गिरण्यांना काही काळ रोजच्या रोज मजुरी चुकवावी लागली, कामगारांसाठी नाक्यानाक्यावर चढाओढ लागली, इतपत छापील ग्रंथांत सापडतं. त्यापुढचं हवं तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तरखाना, गाठायचं, सूची चाळायची, दप्तरं मागवायची, आणि कित्येकदा काहीच हाती न लागता संध्याकाळी चर्चगेटला यायचं. हे ज्यानं स्वतः केलंय तो वर्गात "असं झालं" म्हणून थांबत नाही, "हे आपल्याला कशावरून कळतं" तेही सांगतो. एम.ए.ला दुसरं काय शिकवायचं असतं?

म्हणून म्हणते, बढतीचा काही संबंध नसला तरी शिकवणाऱ्यानं अधूनमधून रीतसर विद्यार्थी व्हावं.

गिरगावचे_सर

ताई, विषय फार चांगला घेतलात. मत मात्र पटलं नाही. मी निवृत्त आहे, उभी हयात पदवीच्या वर्गांवर गेली. असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएच.डी. लागते, म्हणून घाईघाईत लिहिलेले प्रबंध मी जवळून पाहिलेत. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, जाऊन एखादा विषय शोधा, प्रकरणांची नावंसुद्धा एकसारखी सापडतील. आणि हे प्रबंध लिहिले जात असताना त्या शिक्षकांच्या वर्गांचं काय होत होतं?

माझ्यासमोर बसायची ती घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलं. त्यांचं उत्तर शेजारी बसवून दुरुस्त करणं, पुन्हा लिहून घेणं, हे पूर्ण वेळेचं काम आहे. त्याला कोणी पदवी देत नाही म्हणून ते कमी ठरत नाही. वाचत राहावं, हे मान्यच. पण एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या चढायला किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायला पीएच.डी.ची नोंदणी कशाला हवी?

बदलापूरकर

मीही तासिकेवर, दोन कॉलेजांत. तुमच्या दोघांच्या वादात माझ्यासारखी कुठेच बसत नाही. पुराभिलेखागार उघडं असतं त्याच वेळेत माझे तास असतात, आणि तास बुडाला की त्याचे पैसे बुडाले. अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरी देणाऱ्याचं ना हरकत पत्र लागतं. माझी नेमणूक सत्रापुरती, पुढच्या सत्रात मी असेन की नाही हे प्राचार्यांनाही माहीत नसतं. पत्रावर सही कोण करणार? एका कॉलेजनं तोंडी होकार दिला आणि शेवटपर्यंत पत्र दिलंच नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत सहा वर्षं मुदत, वर दोन वर्षं वाढ, बायकांना आणखी दोन, सगळं आहे. दारातूनच आत जाता येत नसेल तर त्या मुदतीचा काय उपयोग? "प्रत्येकानं" हा शब्द फक्त पगारी रजा मिळणाऱ्यांना शोभतो.

कलिना_लॅब

रसायनशास्त्रात अर्धवेळ प्रकरण जमत नाही. प्रयोग तुमच्या तासांचं वेळापत्रक बघत नाही. मी नोकरी सोडून पूर्णवेळ आलो.

दुसरं, पीएच.डी.चे गाईड मोजके आहेत. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, त्यावर नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी केवळ अभ्यासाच्या ओढीनं जागा घेतली, तर पंचविशीतल्या मुलानं जायचं कुठे?

फोर्टची_वाचक

बदलापूरकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तासिकेवरच्यांना पत्राची अट नसावी, आणि ही मागणी आपणच लावून धरायला हवी.

कलिना, जागांची टंचाई खरी आहे. पण तिचं उत्तर गाईड वाढवणं हे आहे. विभागांतली पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत आणि उरलेल्या चार जागांसाठी आपण एकमेकांचं वय काढत बसतो, हे मला मुळीच मान्य नाही.

सर, वाचनाबद्दल. वाचनानं माझी माहिती वाढते, पण माझं लिहिलेलं कोणी खोडत नाही. वर्गात मीच शेवटचा शब्द. पीएच.डी.त दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहिलं की कोणीतरी म्हणतं, "बाई, या एका पत्रावरून हे सिद्ध होत नाही." शिक्षकाला हे ऐकायची सवय राहायला हवी. ती दुसरीकडे कुठे मिळते, सांगा.

गिरगावचे_सर

वर्गातच मिळते, ताई! तुमचा सगळा प्रबंध ज्या प्रश्नावर उभा आहे तो त्या मुलीनं विचारला, समितीनं नाही. मुलांना विचारू दिलं की पुरे.

फोर्टची_वाचक

प्रश्न तिचा, यात वाद नाही. पण तिला उत्तर कोण देणार होतं? असे प्रश्न दर वर्षी येतात आणि "अभ्यासक्रमात नाही" म्हणून तिथेच मिटतात. वेळ आणि पद्धत या दोन्ही गोष्टी नोंदणीनं मिळतात, नुसत्या इच्छेनं नाही.

बदलापूरकर

मला विचाराल तर सरांचं जास्त पटतं. बदलापूरहून दोन कॉलेजं करून मी प्रबंध लिहीन असं वाटत नाही. पण पत्राच्या अटीबद्दल विद्यापीठाला निवेदन देणार असाल तर मसुदा इथेच टाका. आमच्या दोन्ही कॉलेजांतल्या तासिकेवरच्या शिक्षकांच्या सह्या मी आणते.