सल्ला हवा: खाणीतले स्फटिक चमकवायला कोणता यूव्ही टॉर्च घ्यावा?

तापीकाठ: शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. जामनेरकडच्या खडी क्रशरवरून पोरांनी काळ्या दगडाच्या पोकळीतले स्फटिक आणलेत. स्टिलबाइट, हिरवट अ‍ॅपोफिलाइट, थोडं कॅल्साइट. अंधाऱ्या खोलीत ते चमकताना दाखवायचेत. जळगावात नोटा तपासायचा टॉर्च पाहिला. दुकानदाराने नोटेवर मारून दाखवला, नंबर झकास चमकला. घेऊ का?

गारगोटीवाला: सर, नोटेवरून काही ठरत नाही. नोटेचा नंबर ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्ही (अतिनील) उजेडातही चमकतो आणि स्वस्तातले टॉर्च बहुतेक तेच असतात. त्यातून जांभळा उजेडच एवढा पडतो की दगडही जांभळा दिसतो आणि पोरांना वाटतं चमकला! ३६५ चा घ्या, तोही पुढे हा जांभळा उजेड अडवणारी काळी फिल्टर काच असलेला. काच नसेल तर ३६५ घेऊनही अर्धी मजा जाते.

भुसावळचा भाऊ: काय भो, नेटवर तर सिलिकेट (सिलिकायुक्त) दगड हिरवेगार पेटलेले दिसतात. ते कोणत्या टॉर्चने?

गारगोटीवाला: तो बहुधा विलेमाइट, जस्ताचं सिलिकेट. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खाणीतला प्रसिद्ध आहे. हिरवा रंग येतो तो त्यात मिसळलेल्या किंचित मँगनीजमुळे. निव्वळ जस्त आणि सिलिका असती तर असा उजेड पडला नसता. त्याला २५४ नॅनोमीटरचा शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड तरंगलांबीचा, यूव्ही दिवा लागतो. आपल्या लाव्हाच्या दगडात तो खजिना नाही. स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइटही सिलिकेटच, पण दिवसा देखणे, यूव्हीखाली बहुतेकदा मंद नाहीतर गप्प. वर लोह असलं की चमक आणखी मारली जाते, म्हणून गंजासारखा तांबूस थर असलेले नमुने बाजूलाच ठेवा. तुमचा हिरो कॅल्साइट ठरायची शक्यता जास्त, आणि तो सिलिकेट नाही, कार्बोनेट आहे! कोपऱ्यावर लिंबू पिळून बघा, फसफसला तर कॅल्साइट. क्वचित एखादी कॅल्सिडोनीची गारगोटी शॉर्टवेव्हखाली हिरवी उजळते, ती अत्यल्प युरेनियममुळे.

धुळेकर_ताई: शॉर्टवेव्ह दिवा पोरांच्या हाती मुळीच देऊ नका, सर. डोळ्यांना लगेच काही कळत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. दाखवायचाच असेल तर सगळीकडून बंद खोका करा, दिवा आत आणि बघायला साध्या काचेची खिडकी. २५४ ची किरणं साध्या काचेतून पार होत नाहीत, चमक मात्र दिसते. ३६५ त्या काचेतून येतं, तेव्हा टॉर्चसाठी यूव्ही अडवणारे चष्मे वेगळे आणा.

तापीकाठ: मग ३६५ फिल्टरवाला पक्का. पोरांना घेऊन रात्री क्रशरवरच गेलो तर?

गारगोटीवाला: मालकाला विचारून जा, आणि पायात बूट हवेत. त्या टॉर्चखाली दगडांआधी विंचू चमकतील, निळसर हिरवे.