मदत हवी आहे: नव्या हायलक्सची वाट पाहू की आहे ती उचलू? शनिवारपर्यंत सांगायचंय

नान्नज_बाग
मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारपर्यंत शोरूमला हो किंवा नाही कळवायचंय. टोयोटाची हायलक्स पिकअप घ्यायचं पक्कं आहे, घरचेही तयार आहेत. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये थायलंडला नव्या पिढीची हायलक्स दाखवली, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आत्ताची घेतली आणि पाठोपाठ नवी इथे आली तर? की सरळ इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेऊन मोकळा होऊ? ज्यांनी चालवलीय त्यांनीच सांगा. मायलेजचं यूट्यूबवर पाहून झालंय.

डिझेलवेडा_एमएच१३
बजेट किती? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? रोजचं चालणं किती? आणि मुख्य म्हणजे गाडी कशासाठी हवीय?

नान्नज_बाग
हायलक्स म्हटल्यावर बजेट कळलंच की दादा. ऑटोमॅटिक. वापर सगळाच, घरचा आणि शेतातला. नवी चांगली की जुनी, एवढंच सांगा.

जुळे_सोलापूरकर
मला नवीचं तोंड अजिबात आवडलं नाही. दिवे इतके बारीक की पिकअपचा भारदस्तपणाच गेला. समोर टोयोटाचं चिन्ह नाही, नुसती अक्षरं. आत्ताची हायलक्स आसरा चौकात उभी दिसली तरी माणूस वळून बघतो. मात्र आतून नवी फार सुधारलीय. डॅशबोर्ड पूर्ण बदललाय, मोठा पडदा आहे, आणि स्टेअरिंग पहिल्यांदाच इलेक्ट्रिक केलंय. आत्ताच्या गाडीचं स्टेअरिंग पार्किंगला जड जातं. आपल्या नवी पेठेच्या बाजारात एकदा आत्ताची गाडी वळवून बघा, मग नव्या स्टेअरिंगची किंमत कळेल.

डिझेलवेडा_एमएच१३
नवी नवी म्हणून लोक उगाच हुरळून जातात. चासी म्हणजे खालचा सांगाडा तोच, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेच ३०८५ मिलिमीटर, इंजिन तेच २.८ लिटर डिझेल, ताकद तीच २०४ अश्वशक्ती. नवीला आहे ती ४८ व्होल्टची हायब्रिड जोड, म्हणजे इंजिनला छोट्या मोटरची मदत, आपल्याकडच्या फॉर्च्युनरलाही मिळतेच. हायलक्स जगभर चालते ती त्या चासी-इंजिनमुळे, दिव्यांमुळे नाही. शिवाय २०२२ ला इथे बुकिंग सुरू झालं आणि मागणी झेपेना म्हणून महिन्याभरात थांबवावं लागलं होतं. नव्याच्या वेळी तसंच झालं तर नंबर कधी लागणार? आहे ती घ्या, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ आहे, मॅन्युअलला ४२०.

जुळे_सोलापूरकर
इंजिन तेच म्हणून गाडी तीच होत नाही. जो माणूस रोज स्टेअरिंग धरणार आहे त्याला विचारा.

अक्कलकोट_रोड
मी व्ही-क्रॉस वापरतो, १.९ लिटरची. १६३ अश्वशक्ती, ३६० न्यूटन मीटर. कागदावर हायलक्सपेक्षा कमी, पण हैदराबाद हायवेला कधी कमी पडली नाही. पुढचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. या गाड्यांना मागे स्प्रिंग म्हणून पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्या असतात. मागचा हौदा रिकामा किंवा अर्धवट भरलेला असला की खड्ड्यात मागची बाजू उडते. आमच्या मेव्हण्यांची द्राक्षं एकदा माझ्या गाडीतून नेली. तळाला कागदाची रद्दी पसरली होती, क्रेट दोरीने आवळले होते, तरी मागच्या रांगेतल्या क्रेटच्या तळाशी मणीगळ झालेली, म्हणजे घडांचे मणी सुटलेले. पुढच्या रांगेतला माल जसाच्या तसा. म्हणजे जो माल मागच्या चाकाच्याही मागे, त्याला जास्त मार. आता नाजूक माल असला की कॅबिनला चिकटून लावतो आणि मागे पाण्याचे कॅन ठेवतो, वजन बसलं की पाटे शांत होतात.
नान्नज म्हणजे तुमचीही द्राक्षं असणार. क्रेट नेणार का?

मोहोळचा_काका
पोरांनो, शेतीला गाडी हवी तर तीस-पस्तीस लाख कशाला? आमच्याकडे टाटाची २०७ पिकअप होती, तिने घर उभं केलं. आता महिंद्राची बोलेरो कॅम्पर आहे. पाच माणसं बसतात, टनभर माल मागे, फोर बाय फोरही, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली मिळते. चिखलात अडकली तर गावातला कोणीही मिस्त्री खोलतो. कॅम्पर घ्या आणि उरलेल्या पैशात शेततळ्याला नवा प्लॅस्टिकचा कागद टाका.

नान्नज_बाग
काका, मान आहे तुमचा, पण कॅम्पर नको. आई-वडिलांना घेऊन पुण्याला जावं लागतं, वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय.
@अक्कलकोट_रोड हो, क्रेट नेणारच. जानेवारी ते मार्च रोज सकाळी कोल्ड स्टोरेजला. एका खेपेला साठेक क्रेट. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की बागेतला रस्ता काळ्या मातीचा, ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही, म्हणून फोर बाय फोर हवी.

डिझेलवेडा_एमएच१३
थांबा थांबा. साठ क्रेट?? हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं भाऊ. भरलेला क्रेट वीस किलोचा धरा, साठ म्हणजे १२०० किलो झाले. हायलक्सची भारक्षमता कंपनीने ४७० किलो दिलीय. तेवीस क्रेट. नवी घ्या, जुनी घ्या, साठ क्रेट दोन्हीत बसवायचे नाहीत.

नान्नज_बाग
एवढी मोठी गाडी आणि ४७० किलो? शोरूममधला पोरगा म्हणाला एक टन आरामात जातं.

डिझेलवेडा_एमएच१३
जाईल हो, ओढेल पण. ब्रेक आणि टायरचं काय? पुणे हायवेला बाळे गाव ते सावळेश्वर टोलनाका एवढ्या पट्ट्यात समोरून कंटेनर आला की कळेल.

हिरवी_बॅटरी
नव्या हायलक्सची इलेक्ट्रिक आवृत्तीही आहे हे कोणी बोललंच नाही. ५९.२ किलोवॅट तासांची बॅटरी, दोन मोटर, चारही चाकांना ताकद. शेतावर सोलर असेल तर डिझेलचा खर्चच नाही. दादा, तुमच्याकडे सोलर पंप आहे का?

जुळे_सोलापूरकर
इथे डिझेलवाली कधी येते पत्ता नाही आणि तुम्ही इलेक्ट्रिक आणताय.

होटगी_रोड_ताई
मी विमा क्षेत्रात काम करते, म्हणून बोलते. वजनाचं झालं, आता नंबर पाटीचं बघा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस लोक पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी गाडी म्हणून घेतात. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणे, शर्यत आणि मालवाहतूक यांना संरक्षण नाही, फक्त नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. रोज क्रेट भरून कोल्ड स्टोरेजला जाताना अपघात झाला, तर नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर पहिला प्रश्न मागे काय होतं हाच विचारतो. स्वतःच्या शेतातला माल आहे म्हणून क्लेम मिळेलच असं धरून चालू नका. कंपनीकडून लेखी घ्या.
आणि गाडी कोणाच्या नावावर घेणार? डिझेल आणि वीस लाखांच्या वर म्हणजे वैयक्तिक नावावर १५ टक्के वाहन कर (नोंदणीच्या वेळचा), कंपनीच्या नावावर २० टक्के.

नान्नज_बाग
ताई, सीए म्हणतोय कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळतो, म्हणजे गाडीची झीज खर्चात दाखवता येते. कराचं तो बोललाच नाही. आणि विम्याचं तर शोरूममध्ये अक्षरही काढलं नाही कोणी.

होटगी_रोड_ताई
एक्स-शोरूम तीस लाख धरले तरी पाच टक्के म्हणजे दीड लाखाचा फरक. घसाऱ्यातून तो भरून निघतो का, आकडे मांडून घ्या सीएकडून.

अक्कलकोट_रोड
मी सांगू का? काका म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मालासाठी वेगळी गाडी घ्या, बोलेरो मॅक्स पिकअप १.३ टनापासून २ टनांपर्यंत मिळते, पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक नोंदणी, विमा सरळ. हंगाम संपला की गावात भाड्यानेही लागेल. आणि घरच्यासाठी, चिखलासाठी हायलक्स किंवा व्ही-क्रॉस. मागे औषधांचे ड्रम, ठिबकच्या नळ्या, दहा-बारा क्रेट. त्याला या गाड्या उत्तम.

मोहोळचा_काका
अर्धं नाही, पूर्ण बरोबर आहे. एक कॅम्पर दोन्ही कामं करते.

जुळे_सोलापूरकर
काका, पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कॅम्परच्या मागच्या सीटवर इंदापूरपर्यंत तरी बसवून दाखवा. त्यांच्यासाठी खरं तर हायलक्सही नको, इनोव्हा क्रिस्टा बघा.

नान्नज_बाग
इनोव्हा बागेत जाणार नाही. बरं, एवढं ठरवतो. शनिवारी हो म्हणत नाही. शोरूमला म्हणतो, आधी वडिलांना मागच्या सीटवर बसवून मोहोळपर्यंत चक्कर मारू द्या. क्रेटसाठी मॅक्स पिकअपचं कोटेशन काढतो. दोन गाड्या झाल्या तर मोठी वैयक्तिक नावावर घेईन.
@अक्कलकोट_रोड, व्ही-क्रॉस ओल्या काळ्या मातीत नेलीय का? कंपनीच्या टायरवर?

अक्कलकोट_रोड
नेलीय. कंपनीचे टायर हायवेचे आहेत, नक्षीत माती भरली की गुळगुळीत होतात. मी ऑल टेरेन, म्हणजे रस्ता-चिखल दोन्हीला चालणारे टाकलेत. फोर लोसाठी, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या जास्त ओढीच्या गिअरसाठी, गाडी थांबवून न्यूट्रलला घ्या, मग नॉब फिरवा, आणि चिखलात शिरायच्या आधीच फिरवा. रुतल्यावर एक्सलेटर दाबत बसलात की चासी टेकते. तुमच्या रस्त्याला मुरूम टाकलाय का मधे कुठे?

हिरवी_बॅटरी
सोलर पंपाचं राहिलंच. किती एचपीचा आहे?