बुडापेस्टची ज्यू वस्ती : भित्तिचित्रं बघत फिरणं योग्य की अयोग्य?

भटकंती
बुडापेस्टचा सातवा जिल्हा, म्हणजे तिथली जुनी ज्यू वस्ती, पायीच बघावी आणि भित्तिचित्रांच्या मागाने बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक पर्यटक दोहान्य रस्त्यावरचं 1859 चं भव्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बघतात आणि तिथूनच मागे फिरतात. मागच्या गल्ल्यांत त्यांना खेचून नेतात ती ही चित्रंच. दोब रस्त्यावर अंगेल सान्स ब्रिस या स्पॅनिश मुत्सद्द्याचं चित्र आहे. 1944 मध्ये नाझींपासून बचावासाठी संरक्षणपत्रं देऊन त्याने सुमारे 5,000 ज्यूंचे जीव वाचवले. तसेच पुढे गेलात की ज्यूंना असंच वाचवणारे स्विस उपवाणिज्यदूत कार्ल लुत्स यांचं 1991 चं स्मारक लागतं : खाली आडवा पडलेला माणूस, वर भिंतीतून झुकलेली सोनेरी आकृती, आणि दोघांमध्ये सोडलेलं लांबलचक कापड. चित्र बघायला आलेला माणूस इथे थबकतो. अजून काय हवं?

निळाई
साफ असहमत. एका सान्स ब्रिसमागे बाकीची चित्रं कसली आहेत तेही सांगा ना. रुबिकचा ठोकळा, 1953 मध्ये हंगेरीने फुटबॉलमध्ये वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 ने हरवल्याचं चित्र. यांचा या वस्तीशी काय संबंध? आणि इतक्या मोठ्या, बिनखिडक्यांच्या भिंती मुळात उघड्या पडल्या कशा? शेजारची घरं पाडली म्हणून. याच गल्ल्यांमध्ये 1944 च्या नोव्हेंबरअखेरपासून 18 जानेवारी 1945 पर्यंत सुमारे 70,000 ज्यू माणसं कोंडली होती, तोच इथला घेट्टो. भुकेने आणि थंडीने मेलेल्यांपैकी दोन हजारांहून जास्त जण त्या सिनेगॉगच्या आवारातच पुरले आहेत. तिथे मोबाइल उंचावून 'मस्त रंग' म्हणत फिरणं मला सहन होत नाही.

पेस्तकर
मी इथे राहतो म्हणून लिहितो. निळाई, 6-3 चा संबंध आहे, आणि जवळचा आहे. त्या सामन्यात तीन गोल मारणारा हिदेगकुटी एमटीकेचा खेळाडू. 1888 मध्ये स्थापन झालेला हा क्लब शहरातल्या ज्यूंचा म्हणूनच ओळखला जायचा, आणि त्याच कारणाने 1940 मध्ये त्याला गाशा गुंडाळावा लागला. ज्यूंची आठवण म्हणजे फक्त मरण, असं धरून चालू नका. ही माणसं इथे फुटबॉल बघत होती, दुकानं चालवत होती, भांडत होती.
आमचा खरा त्रास वेगळाच आहे. पडक्या वाड्यांच्या चौकांत निघालेले बार आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंतचा आरडाओरडा. सकाळी चित्रं बघत हिंडणाऱ्यांचा कसलाच उपद्रव नाही. उलट असे लोक वाढले तर बरं.

निळाई
एमटीकेचं तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. भिंतीखाली उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला ते कोण सांगणार? माझं म्हणणं तेच आहे. नुसतं चित्र पुरत नाही.

गल्लीबोळ
मग क्रम उलटा करा. किराय रस्त्यावर 15 नंबरच्या अंगणात घेट्टोच्या भिंतीचा भाग पुन्हा उभारला आहे. सुरुवात तिथून करा. वाटेत फुटपाथवर नावं कोरलेले पितळी चौकोन दिसतील तेही वाचा : इथे कोण राहत होतं, कुठे नेलं, कधी. मग रुम्बाख रस्त्यावरचं वास्तुविशारद ऑटो वाग्नरचं सिनेगॉग. इतकं झाल्यावर भित्तिचित्रं खुशाल बघा.

भटकंती
त्या अंगणात राहत्या लोकांची घरं आहेत. फाटक बंद असलं की गजांतून डोकवायचं आणि पुढे निघायचं. सान्स ब्रिस मात्र भर रस्त्यावर आहे, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. शहराबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला आधी तिथेच नेईन. मात्र एमटीकेची गोष्ट 6-3 च्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लावायला हवी, हे निळाईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

निळाई
अक्षरं लागतील तेव्हा बोलू. तोवर माझा विरोध कायम.