खोल किडलेली दाढ: कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एमटीए की बायोडेंटिन?

प्रश्न (कोथरूड)
माझ्या मुलाच्या (वय 19) खालच्या दाढेतील कीड एक्स-रेमध्ये नसेच्या अगदी जवळ गेलेली दिसते. थंड पाणी लागले की कळ येते, पण लगेच थांबते. रात्री दुखत नाही. रूट कॅनॉल टळू शकेल असे सांगून डॉक्टरांनी नसेलगत तळाशी घालण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि बायोडेंटिन (एक प्रकारचे सिमेंट) असे दोन पर्याय दिले आहेत. बायोडेंटिनसाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरेल का?

उत्तर (दंतवैद्य, सदाशिव पेठ)
आपण सांगितलेली लक्षणे नस बरी होण्याजोगी असल्याकडे झुकतात, मात्र थंड चाचणी करून खात्री करावी लागते. नस उघडी पडली नाही, तर तिच्यालगतची थोडी मऊ कीड मुद्दाम ठेवून कडा स्वच्छ करतात आणि दाढ घट्ट बंद करतात. अशा वेळी तळाशी कोणते औषध घातले यापेक्षा वरचे सिमेंट गळत नाही ना, हे जास्त महत्त्वाचे असते.

साफ करताना नस उघडी पडली, तर मात्र मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुचवणार नाही. 1920 च्या दशकापासून ते वापरात आहे आणि स्वस्तही आहे, पण कालांतराने विरघळते आणि त्याखाली तयार होणाऱ्या डेंटिनच्या (दाताच्या आतील कठीण भागाच्या) थरात बारीक भोके राहतात. एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, बायोडेंटिनसारखेच एक सिमेंट) आणि बायोडेंटिन यांच्याखाली हा थर अधिक सलग येतो. अर्थात त्याआधी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला बोळा दाबून रक्त थांबले पाहिजे. काही मिनिटांत ते थांबले नाही, तर सूज आत खोलवर आहे असे समजून पुढचा विचार करावा लागतो. रबर डॅम (लाळ अडवण्यासाठी दाताभोवती लावायचा रबराचा पडदा) लावतात का, हेही जरूर विचारा.

प्रश्न (औंध)
मग बायोडेंटिनऐवजी एमटीए का नको? माझ्या पुढच्या दाताला तेच सुचवले आहे.

उत्तर (दंतवैद्य, सदाशिव पेठ)
नसेसाठी दोन्ही जवळपास सारखीच. परंतु जुन्या प्रकारच्या एमटीएमधील बिस्मथ ऑक्साइडमुळे दात करडा पडू शकतो, म्हणून पुढच्या दाताला मी ते टाळतो. शिवाय ते घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. बायोडेंटिनला साधारण 12 मिनिटे पुरतात.

मूळ प्रश्नकर्ती
म्हणजे नस उघडी पडली तरच जास्तीचा खर्च करायचा, असे डॉक्टरांशी आधीच ठरवून घेते.

उत्तर (दंतवैद्य, सदाशिव पेठ)
तसेच करा. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून घ्या, कारण नस काहीही न दुखता मरू शकते.